अंकाचं बिल कोण भरतं?

1960 साली केंद्र सरकारने एक आदेश काढला. दैनिकाने आठवड्याला किती पानं द्यायची हे यापुढे त्याच्या किमतीवरून ठरणार होतं. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळत असे. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांची मिळून 34 पानं. रविवारचा अंक वेगळा. नव्या आदेशाप्रमाणे सात पैशांत 24 पानांवर भागवावं लागणार होतं. 34 पानं द्यायची तर किंमत आठ पैसे. रोज 52 हजारांच्या घरात खप असलेल्या दैनिकाला हा एक पैसा परवडणारा नव्हता. वाचक पैशाला हिशेबी असतो हे ‘सकाळ’चे संस्थापक नानासाहेब परुळेकरांना 1932 पासून ठाऊक होतं. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता सरकारची बाजू ऐका, कारण ती ऐकण्यासारखी होती. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 मध्येच इशारा दिला होता की बड्या साखळ्या जाहिरातींच्या जोरावर जाडजूड अंक स्वस्तात विकतात आणि छोट्यांचा गळा आवळतात. किंमत आणि पानं यांची सांगड घातली तर छोट्याला दम धरता येईल, असा विचार होता. म्हणजे आदेश निघाला तो बातम्या दडपण्यासाठी नव्हे, निदान कागदावर तरी समतेसाठी. गंमत अशी की त्या आदेशाचा पहिला मोठा फटका बसत होता तो कुठल्याही साखळीत नसलेल्या पुण्यातल्या एका मराठी दैनिकाला.

25 सप्टेंबर 1961 रोजी निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकरांनी. आयोगाचे अध्यक्ष मराठी, अर्जदार मराठी, निकाल लिहिणारे मराठी. देशातल्या वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या कायद्याचा एक खांब असा आपल्या अंगणात उभा आहे आणि आपण तो शाळेत शिकवत नाही. मुधोळकरांचं म्हणणं थोडक्यात असं. किंमत वाढवली तर खप घटेल, पानं कमी केली तर मजकूर घटेल. दोन्हीकडून कात्री लागते ती बोलण्यालाच. धंद्यावर ‘सार्वजनिक हितासाठी’ बंधनं घालता येतात, पण भाषण स्वातंत्र्यावर फक्त घटनेच्या कलम 19(2) मध्ये मोजून दिलेल्या कारणांसाठीच घालता येतात, आणि छोट्या वृत्तपत्रांना संरक्षण हे कारण त्या यादीत नाही. आदेश रद्द झाला, त्यामागचा कायदाही पडला. हेच मुधोळकर पुढे 1966 मध्ये पहिल्या प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

निकाल बरोबर होता असं मला वाटतं. पानं मोजायचा अधिकार एकदा मंत्रालयाला दिला की पुढचा मंत्री ओळी मोजू लागतो. पण या निकालात जाता जाता एक गोष्ट मान्य झाली आणि तिच्याकडे आपण पुरेसं पाहिलं नाही. जाहिरातींवर मर्यादा आणली तर अंक महागेल आणि खप घसरेल, असं न्यायालयाने म्हटलं. सरळ अर्थ असा की वाचक जे पैसे देतो त्यात अंक तयार होत नाही. उरलेलं दुसरंच कोणीतरी भरतं. सरकारने पानं मोजू नयेत हे ठरलं. हे दुसरं कोणीतरी काय मोजतं, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता आणि नंतरही तो कोणी फारसा नेटाने विचारला नाही.

इंग्रजांना मात्र तो नेमका कळला होता. टिळकांच्या दोन राजद्रोहाच्या शिक्षा, 1897 ची अठरा महिन्यांची आणि 1908 ची सहा वर्षांची, आपल्याला पाठ असतात. तुरुंगाची गोष्ट लक्षात राहते. पण 1910 च्या प्रेस कायद्याने जे केलं ते जास्त थंड डोक्याचं होतं: नवा छापखाना काढणाऱ्याने 500 ते 2,000 रुपये जामीन म्हणून भरायचे आणि मजकूर खटकला की ते जप्त. नंतर पुन्हा सुरू करायचं तर त्याहून मोठी रक्कम. संपादकाला तुरुंगात टाकलं की तो लोकनेता होतो; त्याच्या छापखान्याचं भांडवल अडकवलं की तो फक्त कर्जबाजारी होतो. किती तरी छोटे छापखाने जामिनाची रक्कम ऐकूनच गप्प बसले असतील, त्यांची नोंद ठेवणार कोण?

आणि पैशाची ही अडवणूक फक्त सरकारच करतं असंही नाही. 31 जानेवारी 1920 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी 2,500 रुपये दिले होते. हे पाक्षिक निघतंय अशी जाहिरात टिळकांच्या ‘केसरी’कडे धाडली, रीतसर पैसे मोजायची तयारी दाखवून; ‘केसरी’ने ती घेतली नाही. बाबासाहेबांनीच पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये हे लिहून ठेवलंय. ज्या पत्राच्या संपादकाने बोलण्याच्या हक्कासाठी मंडालेत सहा वर्षं काढली, त्या पत्राच्या जाहिरात खिडकीवर अस्पृश्यांच्या पत्राचे पैसे चालले नाहीत. याला केवळ टिळकपक्षाचा कोतेपणा म्हणून सोडून देता येत नाही. वृत्तपत्र स्वातंत्र्य म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते बऱ्याचदा मालकाचं स्वातंत्र्य असतं. ‘मूकनायक’ काही वर्षांत बंद पडलं. 1927 मध्ये आलेलं ‘बहिष्कृत भारत’ बाबासाहेबांनी स्तंभच्या स्तंभ एकहाती लिहून चालवलं, तेही तीन वर्षं टिकलं नाही. ना बंदी, ना खटला. वर्गणी पुरेना, इतकंच.

आता तालुक्याच्या गावी येऊ. कारण बातमीचं बिल कोण भरतं ते मुंबईच्या काचेच्या इमारतींपेक्षा एसटी स्टँडजवळच्या एका टेबलाच्या कार्यालयात जास्त उघड दिसतं.

तालुका प्रतिनिधी हा मराठी दैनिकाचा कणा. पोलिस ठाणं, पंचायत समिती, बाजार समिती, अपघात, पाऊस, जत्रा सगळं तोच कळवतो. त्याला पगार बहुधा नसतो. असलाच तर मानधन, आणि ते पेट्रोलला पुरत नाही. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि नेत्यांचे वाढदिवस, या प्रत्येकाला जिल्हा कार्यालयाकडून टार्गेट येतं. तालुक्यात जाहिरात देऊ शकणारे किती? साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था, बाजार समिती, एखादा सराफ, एखादा बिल्डर. यातल्या पहिल्या चारांवर पुष्कळ ठिकाणी एकाच घराण्याची माणसं अध्यक्ष असतात, आणि आमदारही त्याच घरातला.

समजा त्या कारखान्याने उसाचं बिल थकवलं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज. दोन महिने झाले, खात्यावर काही नाही. सोसायटीचं कर्ज अंगावर आणि मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर, असा शेतकरी प्रतिनिधीला चहाच्या टपरीवर गाठतो. त्याच आठवड्यात अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस. पहिल्या पानावर जॅकेट जाहिरात ठरलेली: मध्ये साहेबांचा फेटा बांधलेला फोटो, भोवती टिकलीएवढ्या गोल फोटोंत शुभेच्छुक, खाली ‘समस्त ग्रामस्थ’. बातमी दाबली जाते असं नाही, तसं झालं तर निदान कोणी बोंब मारेल. ती लहान होते. ‘ऊस उत्पादक चिंतेत’ असा मथळा, चौथ्या पानावर, ‘तालुक्यातील एका कारखान्याने’ अशी सुरुवात. कोणता ते सगळ्या तालुक्याला माहीत, फक्त पेपरला माहीत नाही.

याच्या पुढची पायरी बाहेर फार कमी लोकांना ठाऊक असते. जाहिरातीचं बिल वसूल करणं हेही त्याच प्रतिनिधीचं काम. साहेबांच्या कार्यकर्त्याने पैसे लांबवले की रक्कम प्रतिनिधीच्या खात्यावर थकबाकी म्हणून चढते. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच दारात तो महिनोन्महिने चकरा मारत असतो, ‘दादा, तेवढं बिलाचं बघा’ म्हणत. या माणसाकडून आपण निर्भीड पत्रकारितेची अपेक्षा करतो, आणि ती पूर्ण झाली नाही की त्यालाच विकाऊ ठरवतो. मला यातलं दुसरं जास्त चीड आणणारं वाटतं.

वर गेलं की रक्कम बदलते, रीत तीच. राज्य सरकारच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवरच्या वृत्तपत्रांना मिळतात आणि छोट्या साप्ताहिकांचं तर त्यावरच चालतं. यादीतून नाव गेलं की अंक गेला. केंद्राचंही तेच: 2019 च्या जूनमध्ये रॉयटर्सने बातमी दिली होती की तीन मोठ्या वृत्तपत्र समूहांच्या सरकारी जाहिराती रोखल्या गेल्या आहेत. त्या समूहांनी सरकारला अडचणीच्या बातम्या छापल्या होत्या. सेन्सॉरची नेमणूक नाही, नोटीस नाही. या महिन्यात ऑर्डर आली नाही, बस्स. न्यायालयात कशाला आव्हान द्यायचं?

2009 च्या विधानसभा निवडणुकीत आपण आणखी एक पायरी उतरलो. तोवर जाहिरात जाहिरातीसारखी दिसायची. त्या वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत जवळपास शब्दशः सारखा छापून आला होता, बातमी म्हणून. चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम 5,379 रुपये होती. पैसे घेऊन हे छापल्याचा इन्कार सर्वांनीच केला. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं, आयोगाने 2014 मध्ये हिशेबावर ठपका ठेवला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे मिटला. पेड न्यूजचा विषय मात्र मिटला नाही. प्रेस कौन्सिलच्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांनी 2010 मध्ये नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलने तो आहे तसा प्रसिद्ध करायचं टाळलं, कारण कौन्सिलवर मालकांचे प्रतिनिधीही बसतात. पुढच्या वर्षी केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर तो लोकांपुढे आला. मुधोळकरांनी ज्या संस्थेची पहिली खुर्ची भूषवली तिची ही अवस्था.

मग मालक कोण, हे एकदा बघून घ्यावं. ‘लोकमत’ जवाहरलाल दर्डांचा, त्यांच्या घरातून काँग्रेसचे मंत्री आणि खासदार झाले. ‘सकाळ’ परुळेकरांच्या पश्चात 1980 च्या दशकात पवार कुटुंबाकडे आला. ‘सामना’ ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र. तो निदान तसं उघड सांगतो, आणि मला हा प्रामाणिकपणा इतरांच्या तटस्थतेपेक्षा कधी कधी बरा वाटतो. वाहिन्यांमध्ये खेळ आणखी मोठ्या पैशांचा. 2014 मध्ये नेटवर्क 18 रिलायन्सच्या ताब्यात गेलं, आणि मराठीतली एक महत्त्वाची वृत्तवाहिनी त्यातच होती. एनडीटीव्हीची कथा तर कर्जाची आहे. 2009 मध्ये संस्थापकांच्या कंपनीने विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीकडून चारशे कोटींच्या वर कर्ज घेतलं, आणि त्या बदल्यात कर्जाचं रूपांतर शेअरमध्ये करायचा हक्क दिला. तेरा वर्षं तो कागद पडून होता. ऑगस्ट 2022 मध्ये अदानी समूहाने ती कर्ज देणारी कंपनीच विकत घेतली आणि वाहिनीची 29 टक्क्यांहून थोडी जास्त मालकी हातात आली. वर्ष संपायच्या आत ताबाही आला. संपादकाला कुणी फोनवरून धमकावलं नाही. पोलिस आले नाहीत. एक जुना करारनामा वटवला गेला, आणि तो कायदेशीर होता.

विषमतेचा संबंध इथे येतो. वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या अर्थतज्ज्ञांनी 2024 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नापैकी 22.6 टक्के आणि संपत्तीपैकी 40.1 टक्के वाटा होता. या आकड्यांच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञ भांडतात, भांडोत. दिशा कुणी नाकारत नाही. इतकी संपत्ती एका ठिकाणी साठली की चारशे-पाचशे कोटींची वाहिनी घेणं ही गुंतवणूक उरत नाही, किरकोळ खर्च होतो. वाहिनी तोट्यात चालली तरी हरकत नसते, कारण नफा दुसरीकडे बंदरात, खाणीत, टेलिकॉममध्ये, म्हणजे जिथे परवाने सरकार देतं तिथे कमवायचा असतो. ज्याचे सगळे धंदे सरकारच्या मर्जीवर, त्याच्या वाहिनीने सरकारला प्रश्न विचारायचे, ही अपेक्षाच मुळात भाबडी आहे. सरकार कोणत्या पक्षाचं, याने यात फारसा फरक पडत नाही. सध्याच्या सरकारने ही व्यवस्था जास्त सफाईने वापरली, एवढं म्हणता येईल.

विषमता हा विषयही मग पडद्यावरून गायब होतो, किंवा त्याचं काहीतरी भलतंच होतं. 2024 च्या लोकसभा प्रचारात संपत्तीच्या वाटपाचा विषय निघाला, तो राजस्थानातल्या एका सभेतून मंगळसूत्रावर गेला आणि वाहिन्या कित्येक दिवस त्या मंगळसूत्रावर बोलत राहिल्या. या देशात 1953 पासून 1985 पर्यंत वारसा संपत्तीवर कर होता आणि 2015 च्या अर्थसंकल्पापर्यंत संपत्ती कर होता, हे सांगायला कुणाला पाच मिनिटं मिळाली नाहीत. तो संपत्ती कर काढला तेव्हा त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी जमत होते, म्हणजे तो नीट वसूलच होत नव्हता. हा वादाचा खरा मुद्दा होता आणि दोन्ही बाजूंनी त्यावर बोलण्यासारखं होतं. ते बोलणं झालं नाही.

हे आजचंच आहे असंही नाही. साईनाथांनीच नोंदवलेली विदर्भातल्या आत्महत्यांच्या काळातली गोष्ट आहे: मुंबईत लॅक्मे फॅशन वीकला पाचशेहून जास्त पत्रकारांनी नोंदणी केली होती, विषय होता सुती कपडे. आणि तो कापूस पिकवणारे जिथे जीव देत होते, विमानाने तासाभराच्या अंतरावर, तिथे तळ ठोकून बसलेले पत्रकार बोटांवर मोजण्याएवढे. कारण जाहिरातदाराला कपडे विकत घेणारा वाचक हवा असतो.

न्यायालयात मालकीचा हा प्रश्न एकदा डोकावून गेला. 1972 मध्ये बेनेट कोलमनच्या खटल्यात न्यूजप्रिंटवरची आणि दहा पानांची मर्यादा बहुमताने उडवली गेली, ‘सकाळ’च्याच वाटेने. न्या. के. के. मॅथ्यू एकटे विरोधात गेले. त्यांचा रोख असा की मालकी मूठभरांच्या हातात गोळा झाली असेल तर बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे फक्त त्या मूठभरांचं स्वातंत्र्य नव्हे. निरनिराळी मतं कानावर पडण्याचा जनतेचाही हक्क आहे. रोगाचं निदान मॅथ्यूंचं बरोबर होतं. त्यांना मान्य असलेलं औषध, म्हणजे कागदाच्या वाटपाची चावी सरकारकडे, हे किती घातक ठरू शकतं ते तीनच वर्षांत आणीबाणीने दाखवलं. म्हणून मी मुधोळकरांच्या बाजूने उभा राहतो, पण मॅथ्यूंचा प्रश्न सोडायची माझी तयारी नाही.

सरकारला पानं न मोजू देता करण्यासारखं पुष्कळ आहे. कोणत्या वृत्तपत्राला आणि वाहिनीला सरकारने दरमहा किती रुपयांच्या जाहिराती दिल्या ते संकेतस्थळावर टाकायचं, माहिती अधिकारात अर्ज न करता मिळेल असं. प्रत्येक दैनिकाने वर्षातून एकदा मालक आणि त्यांचे इतर धंदे पहिल्या पानावर छापायचे. दूरसंचार नियामक ट्रायने तर ऑगस्ट 2014 मध्ये याहून पुढे जाऊन राजकीय पक्षांना वृत्तमाध्यमांच्या मालकीपासून दूर ठेवावं आणि बड्या उद्योगसमूहांवरही निर्बंध घालावेत अशी शिफारस केली होती. दहा वर्षं उलटली, तिच्यावर धूळ आहे. काँग्रेसच्या काळातही हा विषय कुणाला नको होता, आताही नको आहे. सगळ्यांकडेच एखादी तरी वाहिनी आहे.

बिल भरणारे असे सगळे एका बाजूला असले की उरतो तो एखादा हट्टी माणूस. राजापूरचे शशिकांत वारिशे त्यांतले. ‘महानगरी टाइम्स’साठी लिहायचे, बारसूच्या रिफायनरी प्रकल्पाच्या बातम्या देत. 6 फेब्रुवारी 2023 ला सकाळी त्यांची बातमी छापून आली. प्रकल्पाच्या बाजूने जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एकाबद्दल, बड्या नेत्यांबरोबरच्या त्याच्या बॅनरबद्दल. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला मोटारीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमीतल्याच माणसाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध खास कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. विधेयक 2017 मध्ये मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2019 मध्ये लागू झालं. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. वाचायला चांगला आहे. त्यात पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे असा माणूस. आपल्या तालुका प्रतिनिधीकडे नेमणुकीचा कागद नसतो. ओळखपत्र असतं, दरवर्षी नूतनीकरण होणारं, आणि जाहिरातीचं टार्गेट पुरं झालं नाही तर तेही परत मागवलं जातं.